खंडेनवमीला झोपवलेलं यंत्र

चालू करताना ते यंत्र एकदाच वाजायचं. जलतरंगाच्या सगळ्यात धाकट्या वाटीला नखाने टिचकी मारावी, तेवढाच एक सूर. मागोमाग पंख्याची घरघर सुरू व्हायची आणि पुढे रात्रंदिवस ती आमच्या खोलीत श्वासासारखी चालत राहायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते दोनदा वाजलं. मी ऐकलं. खिडकीतून खालच्या रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनचा वास येत होता, यंत्राच्या माथ्यावर परवाच्या पूजेतला झेंडू सुकून तांबूस झाला होता, आणि पहिल्या सुरापाठोपाठ दुसरा सूर अगदी स्वच्छ आला. मला वाटलं, पूजा पावली. मी हसले, पाकळ्या गोळा केल्या आणि कामाला लागले.

त्या दुसऱ्या सुराकडे मी कानाडोळा केला. त्याची शिक्षा पुढचे चार दिवस भारती भोईर नावाच्या मुलीने भोगली. आणि थोडक्यात निभावलं, नाहीतर तळोज्याच्या एका कारखान्यातल्या माणसांनी भोगली असती. ती हकिगत सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या सासरच्यांना मी निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ यापलीकडे कुणी गेलं नाही, आणि मीही कुणाला नेलं नाही. आता नेते. नवीन पनवेलच्या आमच्या कचेरीत वीसेक माणसं प्रोग्रॅम लिहीत. प्रत्येकाचा तुकडा वेगळा. तुकडा लिहून झाला की तो एका सामाईक कोठारात ठेवायचा. तिथून एक यंत्र तो आपोआप उचलायचं, माणसाने लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवायचं, इतरांच्या तुकड्यांशी सांधायचं आणि मग आधी लिहून ठेवलेल्या चाचण्या घ्यायचं. या सगळ्या खटाटोपाला बिल्ड म्हणतात. सगळं जुळलं तर भिंतीवरच्या पडद्यावर हिरवा ठिपका. कुठे बिनसलं तर लाल, आणि दुरुस्त होईपर्यंत तो तुकडा कोठारातून बाहेर. असं दिवसातून तीस-चाळीस वेळा. लाल ठिपका लाल का झाला, हे शोधून काढणं हे माझं काम.

माझं शिक्षण म्हणाल तर मराठी घेऊन एम. ए., विशेष अभ्यास कवितेचा. त्यानंतर पोटासाठी संगणकाची पदविका. पण या कामाचा पहिला धडा मला त्याही आधी, जुन्या पनवेलातल्या अप्पांच्या छापखान्यात मिळाला होता. अप्पा म्हणजे माझे वडील. लग्नपत्रिका, औषधांची लेबलं, गावकीच्या सभेच्या सूचना, असली कामं ते छापत. अक्षरांचे खिळे जुळवून चौकटीत फर्मा आवळला की पहिली प्रत काढायची, आणि ओली शाई दरवळत असतानाच ती डोळ्यांजवळ धरून वाचायची. ते सांगत, “प्रूफ वाचताना अर्थ वाचायचा नाही, अनघा. अक्षर वाचायचं. अर्थ फसवतो.” कवितेच्या वर्गात मला याच्या नेमकं उलट शिकवलं गेलं: अक्षरांच्या मधली शांतता वाचा. पुढे दोन्ही धडे उपयोगी पडले.

बिल्ड फेल झाला की यंत्र शेकडो ओळींची तक्रार ओकतं. नवखा माणूस शेवटच्या ओळीपासून वाचायला लागतो, कारण डोळ्यांसमोर तीच असते. वाचायची असते ती पहिली चूक. बाकीच्या बहुतेक तिच्या सावल्या. एकदा दोन दिवस दर दुपारी बिल्ड फेल होत होता आणि सगळे आपापला कोड उलटसुलट तपासत होते. पहिली ओळ एवढंच म्हणत होती की लिहायला जागा नाही. साठे सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, भाचीच्या लग्नाची सगळी चित्रफीत त्या यंत्रावर साठवून ठेवली होती. “सुरक्षित जागा आहे म्हणून ठेवली,” ते ओशाळून म्हणाले. मी पुसायला निघाले तेव्हा मात्र घाईघाईने उठले. “कन्यादान तेवढं राहू दे गं!”

चुकलेल्या माणसाला आम्ही रागावत नसू. त्यासाठी लाल डबा होता. पत्र्याचा, मूळचा बिस्किटांचा, कुणीतरी खालच्या दुकानातून रंग आणून तो लाल केलेला. ज्याच्यामुळे बिल्ड लाल होईल त्याच्या टेबलावर डबा जायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तो घरच्या खाऊने भरून आणायचा. शिक्षा गोड होती. पण दिवसभर तो डबा आपल्या टेबलावर सगळ्यांना दिसत राहणं, ते गोड नव्हतं.

आता तळोज्याची गोष्ट. नवरात्राच्या आधी तिथल्या एका रसायनांच्या कारखान्यातली दोन माणसं आमच्याकडे आली. एक इंजिनिअर आणि दुसरा पाळीवरचा एक जुना कामगार. त्याचं घर उरणच्या खाडीकाठी. घरची होडी होती म्हणून कारखान्यात सगळे त्याला नाखवा म्हणत. विषारी वायू कुठे सुटला तर हुंगणारी उपकरणं त्या कारखान्यात जागोजागी बसवलेली होती. त्यांचं ऐकून भोंगा वाजवायचं काम आमच्या प्रोग्रॅमचं. इंजिनिअर बराच वेळ बोलले, आकृत्या काढल्या. नाखवा टोपी मांडीवर ठेवून गप्प बसला होता. शेवटी सरांनी त्याला विचारलं, “तुम्ही होतात तिथे. काय झालं?”

“वास आला,” तो म्हणाला. “पयला बारीक, मग डोलं झोंबायला लागलं. मी भोंग्याकडं बगतोय. मग मीच वरडलो, पला, पला. पोरं भायेर आली.”

“आणि भोंगा किती वेळाने वाजला?”

“किती वेळानं म्हंजे? भोंगा नाय वाजला.”

त्या वेळी कुणाला इजा झाली नव्हती. एका माणसाचं नाक शाबूत होतं, एवढ्यावर ते निभावलं होतं.

दोष भारतीने शोधला. विचुंब्याजवळच्या गावातली ही आगरी मुलगी आमच्याकडे वर्षभरापूर्वी लागली होती. दोन उपकरणं नेमकी एकाच क्षणी ओरडली, की दुसऱ्याची हाक पहिलीला पुसून टाकायची आणि स्वतःही हरवायची. मग भोंगा गप्प. भारतीने दुरुस्ती लिहिली. तिच्यासोबत चाचणीही लिहिली: दोन हाका एकदम दिल्या तर भोंगा वाजलाच पाहिजे. कारखाना देखभालीसाठी बंद होता. दसऱ्यानंतर आठवड्याने, सोमवारी, तो पुन्हा सुरू व्हायचा होता. शनिवारी तिथे प्रत्यक्ष भोंगा वाजवून बघायचा, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत आमची सीडी तयार हवी. आणि आमच्याकडे एक नियम होता, तो मीच घालून दिलेला: प्रोग्रॅमरच्या टेबलावरचं काहीही बाहेर जाणार नाही. बिल्डच्या यंत्राने बांधलेलं आणि हिरवं ठरवलेलं, तेवढंच जाईल.

त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली. अप्पा त्या दिवशी खिळ्यांच्या पेट्या उघडत नसत. छपाईयंत्र पुसायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि हत्याराला त्या दिवशी राबवायचं नाही. अप्पा गेल्यावर छापखाना विकला गेला, आणि ती माळ माझ्या हातात तशीच उरली. आमच्याकडे बिल्डची यंत्रं दोन होती. एक फडताळावर, पडद्यासकट. ते फक्त कामं वाटायचं, नोंदी ठेवायचं, ठिपके दाखवायचं. त्याला आम्ही मुकादम म्हणत असू. दुसरं टेबलाखाली, ना पडदा ना कळफलक. खरी मेहनत त्याची. तो मजूर. किती वर्षं तो एकसारखा चालू होता. दुपारी पूजा झाल्यावर त्याच्या तापलेल्या पत्र्यावर मी तळहात ठेवला, आणि मला वाटलं, याला एक दिवस विश्रांती द्यावी. मी कळ दाबली. घरघर थांबली. पंख्याच्या आवाजाखाली इतकी वर्षं दबलेला रस्ता त्या वेळी पहिल्यांदा ऐकू आला. पुढचा दिवस दसऱ्याचा. सोमवारी सकाळी मी मजुराला जागं केलं. तो दोनदा वाजला.

सोमवारी दुपारी भारतीने दुरुस्ती कोठारात ठेवली. दहा मिनिटांत ठिपका लाल झाला. फेल झाली होती एकच चाचणी, तिचीच: दोन हाका दिल्या, भोंगा गप्प.

“ताई, माझ्या मशीनवर चालतंय,” ती म्हणाली.

हे वाक्य माझ्या धंद्यात रोज ऐकू येतं. मीही रोजचंच उत्तर दिलं. “तुझं मशीन तळोज्याला पाठवायचंय का?”

रिवाजाप्रमाणे मी सगळ्यांना ई-पत्र पाठवलं: भारतीच्या बदलामुळे बिल्ड फेल. कारखान्याचे इंजिनिअरही त्या यादीत होते. मंगळवारी तिने दुरुस्ती पुन्हा तपासून ठेवली. लाल. बुधवारी अर्धी नव्याने लिहिली. लाल. माझी तीन पत्रं गेली, तिन्हींत नाव तिचं. गंमत म्हणजे त्या तीन दिवसांत बाकी सगळ्यांचे ठिपके हिरवेगार होते. त्यामुळे कुणाचीही शंका दुसरीकडे वळली नाही. माझी तर नाहीच.

डबा तिच्या टेबलावर ठाण मांडून बसला. मंगळवारी तिच्या आईने तो तांदळाच्या बोरांनी भरून दिला. शेजारच्या टेबलावरच्या निनादने झाकण उघडून वास घेतला.

“अरेच्चा, बोरं? मला वाटलं, भोईरांकडून सुकट येईल. उद्या आण गं. परवाही डबा तुझ्याकडेच असणार, तेव्हा जवळा चालेल.”

“आणीन ना,” भारती वर न बघता म्हणाली. “तुझ्या घरच्यांना सांगून ठेव. वासानं बिल्डिंग सोडतील.”

सगळे हसले. तीही हसली. पण दुपारी ती जेवायला उठली नाही, हे मी पाहिलं होतं आणि पाहून पुन्हा पडद्याकडे वळले होते. पश्चात्ताप मोजायचाच झाला तर तो त्या वळण्यापासून मोजायला हवा.

सगळं पुसून पहिल्यापासून बांधता आलं असतं. तसा पूर्ण बिल्ड आम्ही दर रविवारी करत असू. एरवी फक्त बदललेले तुकडे नव्याने उतरवले जात, कारण सगळं बांधायला पाच तास लागत आणि तेवढा वेळ सगळ्यांचं काम थांबे. त्या रविवारी पूर्ण बिल्ड झाला नव्हता, कारण त्या रविवारी मजूर झोपलेला होता. तरीही मी ते केलं नाही. सर नको म्हणाले, हे खरं आहे. पण त्याहून खरं हे की पुसून पुन्हा बांधणं मला अडाण्याचं औषध वाटे. ताप का आला हे न बघता आंघोळ घालण्यासारखं. मला कारण हवं होतं. आणि कारण माझ्या मते ठरलेलं होतं: भारती.

गुरुवारी सकाळी चौथा लाल ठिपका पडला, माझं चौथं पत्र गेलं. दुपारी फोन वाजला.

“नमस्कार बाय. तळोज्याचा नाखवा बोलतोय.”

“बोला.”

“आमचं सायेब सांगत व्हतं, तुमच्याकडं काय जमत नाय. भोंग्याचं काय झालं?”

“काम चालू आहे.”

“सोमवारी पयली पाली माजी हाय.” तो थांबला. “नसंल जमत तर तसं सांगा. मी शिट्टी घेऊन उबा राईन. पन नाक आता पयल्यासारकं चालत नाय. वय झालं.”

कवितेत ज्याला विराम म्हणतात, तो मी त्या दिवशी टेलिफोनच्या तारेत ऐकला. “जमेल,” मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, मला माहीत नव्हतं. पण शब्द गेला होता.

चार वाजता सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. त्यांच्यासमोर माझ्या चारही पत्रांच्या छापील प्रती होत्या. “उद्या सहाला सीडी जाणार. हिरवं झालं तर नवीन. नाही झालं तर भारतीचा बदल वगळायचा आणि चालतंय ते जुनंच राहू द्यायचं. उरलेलं पुढच्या शटडाउनला.”

“सर, पुढचा शटडाउन सहा महिन्यांनी,” भारती म्हणाली. “आणि जुनं चालत नाही. म्हणून तर ते आले होते.”

“पण तुझं नवीन तरी कुठे चालतंय? अनघा रोज लिहितेय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्याशी ती नेहमी शाळेतली, इस्त्री केलेली मराठी बोलायची. त्या क्षणी ती इस्त्री मोडली. “माजा कोड बरोबर हाय, ताई. तुमी वाचलाय का तो? मेल लिवली चार. कोड वाचला का?”

मी वाचला नव्हता. तक्रारीची पहिली ओळ वाचली होती, तिचा अर्थ लावला होता, आणि अर्थ फसवतो हे सांगणारा माणूस माझ्याच घरातला होता.

बाहेर आल्यावर मी तिच्या टेबलाजवळ खुर्ची ओढली आणि कोड वाचला. ओळ न् ओळ, प्रूफ वाचावं तसा. तो बरोबर होता. नुसता बरोबर नव्हे, देखणा होता. एकही शब्द जास्तीचा नव्हता.

“मग फेल का होतो?” मी स्वतःलाच विचारलं.

भारती डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती. “ताई, आम्हाला शाळेत एक बाई होत्या. निबंधाच्या वह्या तपासून सही करून द्यायच्या. आम्हाला संशय होता, वाचतच नाहीत. मग एकदा मी ‘माझी गाय’मध्ये मध्येच लिहिलं, आमची गाय रोज सकाळी पेपर वाचते.”

“मग?”

“छान. सात गुण.” ती माझ्याकडे पाहत राहिली. “तुमच्या यंत्राला गायीचा पेपर देऊन बघू या का?”

शुक्रवारी सकाळी आठला आम्ही दोघी कचेरीत होतो. भारतीने आपल्या दुरुस्तीच्या मधोमध शुद्ध मराठीत एक वाक्य घातलं: गाय पेपर वाचते. हे कुठल्याही यंत्राला पचण्यासारखं नव्हतं. ते वाचलं असतं, तर पहिल्याच पायरीवर, भाषांतरातच, त्याने आकांत मांडला असता. तिने तुकडा कोठारात ठेवला. आम्ही पडद्याकडे बघत उभ्या राहिलो. भाषांतर: ठीक. जुळणी: ठीक. चाचणी: फेल. भोंगा गप्प.

“वाचतच नाय!” भारतीने टाळी वाजवली. “बाईंसारखंच!”

मी टेबलाखाली शिरले. मजुराला दुसरीकडचा पडदा आणि कळफलक जोडला. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली आणि कोपऱ्यात तारीख दिसली. जानेवारीचा पहिला आठवडा. साल, सात वर्षांपूर्वीचं.

आणि तेव्हा तो दुसरा सूर मला पुन्हा ऐकू आला.

सांगते. बंद असतानाही संगणकाला वेळ कळत राहावी म्हणून त्याच्या पोटात रुपयाएवढा एक गोल सेल असतो. मजूर इतकी वर्षं बंदच झाला नव्हता, त्यामुळे आतला सेल कधी मेला ते कुणाला कळलं नाही. मी त्याला झोपवलं आणि झोपेत तो काळ विसरला. उठल्यावर त्याने एक जास्तीचा सूर काढून सांगितलं होतं की मला काही आठवत नाही. मी ते आभार समजले. मुकादमाचं घड्याळ बरोबर होतं, नोंदींवर तारखा त्याच्या, म्हणून पडद्यावर सगळं यथास्थित दिसत राहिलं.

आता मजुराची कामाची रीत बघा. तुकडा बदलला की नाही, हे तो तारखेवरून ठरवायचा. तुकडा आपल्या जुन्या भाषांतराहून ताजा असेल, तर नव्याने उतरवायचा. नसेल तर जुनंच भाषांतर वापरायचं. भारतीचा नवा तुकडा हातात आला की तो त्यावर आपली, सात वर्षं मागची तारीख टाकायचा. मग शेजारचं जुनं भाषांतर बघायचा, ते त्याला ताजं दिसायचं, आणि नवा तुकडा न वाचता बाजूला ठेवायचा. तिची चाचणी मात्र अगदी नवी. तिचं जुनं भाषांतरच नव्हतं, म्हणून ती तेवढी वाचली जायची. नवी चाचणी जुन्या कोडला प्रश्न विचारत होती, आणि जुना कोड रोज तेच खरं उत्तर देत होता: भोंगा वाजत नाही.

“म्हणजे बाकीच्यांचे बदल?” भारती हळूच म्हणाली.

“तेही वाचले गेले नाहीत. त्यांनी नव्या चाचण्या लिहिल्या नव्हत्या. जुना कोड, जुन्या चाचण्या, हिरवा ठिपका.”

सर नऊला आले. मी दारातच सांगितलं, “सर, चार दिवसांचे सगळे हिरवे खोटे आहेत.”

“सगळे?”

“सगळे. खरा एकच होता. लाल.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली. “कुणाच्या चुकीने?”

“माझ्या. मी पूजा करून यंत्र बंद केलं, आणि उठताना त्याने सांगितलेलं ऐकलं नाही. आता आजचा दिवस यंत्र मला द्या. सगळं पुसून बांधायचं आहे. कुणी काही ठेवायचं नाही.”

“सहापर्यंत होईल?”

“करते.”

सेल मिळेल असं दुकान इतक्या सकाळी उघडं नव्हतं. मग आठवले छापखान्याच्या शेजारचे घड्याळवाले चाचा. दुकान खाली, घर वर. रिक्षाने जुन्या पनवेलात जाऊन मी जिन्यावरून हाक मारली. ते चहाची बशी हातात घेऊनच खाली आले.

“अरे, अप्पांची बेटी! सुबह सुबह? घड्याळ कुठाय?”

“घड्याळ नाही, चाचा. कॉम्प्युटर आहे.” मी मेलेला सेल पुढे केला.

त्यांनी तो भिंगाखाली धरला. “त्यालाही सेल लागतो? मला वाटलं, त्याला सगळं आपोआप समजतं.”

“मलाही तसंच वाटत होतं.”

पावणेअकराला मजूर नव्या सेलासह उठला. एकदाच वाजला. मी गुडघ्यांवर बसून कान लावून ऐकलं. भारतीने खाणाखुणांनी विचारलं, मी एक बोट वर केलं. तारीख बरोबर लावली, जुनी भाषांतरं सगळी पुसली, तिने गाय बाहेर काढली, आणि आम्ही बिल्ड सुरू केला. पाच तास वीस माणसं वर्तमानपत्रं वाचत, नखं कुरतडत बसली. पंख्याची घरघर चढत गेली, टेबलाखालून तापलेल्या धुळीचा वास येऊ लागला. मी जागची हलले नाही.

पावणेचारला भारतीची चाचणी हिरवी झाली. तिने ओरडायला तोंड उघडलं, तोच खाली लाल ओळ आली. निनादची. बुधवारी त्याने केलेला बदल खरोखर वाचला गेला तो आत्ता, पहिल्यांदा, आणि त्याने दुसऱ्याची एक जुनी चाचणी पाडली होती.

“शक्यच नाही,” निनाद म्हणाला. “बुधवारी हिरवं होतं. आणि माझ्या मशीनवर...”

“निनाद,” भारती म्हणाली, “खुर्ची घेऊन ये.”

त्या दोघांनी ती चूक सव्वा तासात काढली; मी मागे उभी राहून शेवटचं अक्षर वाचलं. आता पुसायची गरज नव्हती, मजूर पुन्हा नीट वाचत होता. पाच वाजून दहा मिनिटांनी तुकडा ठेवला. पाच वीसला सगळं हिरवं. मी सीडी जाळीतून ऊन बघावं तशी खिडकीशी धरून तपासली, तिच्यावर तारीख लिहिली, आणि लाल डबा भारतीच्या टेबलावरून उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला.  निनाद म्हणाला, “ताई, चकल्या चालतील. पण भारतीकडचा जवळाही पाहिजे.”

त्या संध्याकाळी मी पाचवं पत्र लिहिलं, त्याच यादीला. चार पत्रांत तिचं नाव लिहायला मला मिळून चार मिनिटं लागली असतील. हे एक लिहायला तास लागला. भारती वाचून एवढंच म्हणाली, “बरं आहे, ताई.” पुढे आम्ही बरीच वर्षं एकत्र काम केलं, तिने त्याचा कधी उच्चार केला नाही. म्हणून ते संपलं असं मात्र नाही. पाठवलेलं पत्र पुसून पुन्हा बांधता येत नाही. मजुराने त्यानंतर प्रत्येक नोंदीच्या पहिल्या ओळीत स्वतःची वेळ सांगावी, अशी व्यवस्था मी केली, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत रोज सकाळी सर्वांत आधी तीच ओळ वाचली. मेलेला सेल अजून माझ्या देव्हाऱ्याच्या खणात आहे. खंडेनवमीला त्यालाही झेंडू वाहते.

शनिवारी सर आणि भारती सीडी घेऊन तळोज्याला गेले. मी मुद्दामच मागे राहिले. तो मान तिचा होता. बारा वाजता दोन उपकरणांपुढे चाचणीचा वायू एकदम सोडायचा ठरला होता. कारखान्याच्या आत मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे बातमी येणार ती फाटकावरच्या फोनवरून, आणि फोन करायचं काम नाखवाने आपणहून मागून घेतलं होतं. कचेरीला शनिवारी अर्धी सुट्टी. सगळे गेले. खोलीत मी, लाल डबा आणि टेबलाखालची घरघर. बारा वाजले. सव्वाबारा झाले. वारा फिरला असावा. टर्पेंटाइनच्या वासात तळोज्याकडचा तो गोडसर, घशाला खवखवणारा वास मिसळला. रिसीव्हरवर हात ठेवूनच मी बसले होते.

साडेबाराला फोन वाजला. मी उचलला. पलीकडे कुणीतरी फाटकापर्यंत भराभर चालत आल्यासारखं धापा टाकत होतं.  श्वास जुळवून तो म्हणाला:

“वाजला.”